अकरावा मुद्दा

"तडा आहे, हे आम्ही नाकारतच नाही," घाटगे वकील म्हणाले. "फोटोही छान आलेत. प्रश्न एवढाच आहे, की हा तडा आमच्या अशिलाच्या नकाशामुळं गेला, असं म्हणतंय कोण? शाळेतल्या पी.टी.च्या बाई?"

ग्राहक मंचाच्या त्या लांबट खोलीत दोन-तीन जण हसले. माझ्या मागच्या बाकावर पी.टी.च्या बाई ताठ बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुमच्याकडं तज्ज्ञाचा अहवाल आहे?"

मी उठले. सव्वीस वर्षांची होते, आणि वकीलपत्रावर एकट्या माझ्या नावाची सही असलेलं ते पहिलंच प्रकरण होतं. "तडा डोळ्यांना दिसतो आहे, मॅडम. त्याला तज्ज्ञ कशाला हवा?"

"माझ्या गुडघ्यातली कळ मला रोज जाणवते," अध्यक्षा म्हणाल्या. "पण ती कशानं येते, ते सांगायला डॉक्टर लागतो. इंजिनिअरनं कामात हलगर्जी केली, असा तुमचा आरोप आहे. ते काम कसं व्हायला हवं होतं, हे दुसरा इंजिनिअरच सांगू शकतो. सहा आठवडे देते. स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल आणा, त्याच्या प्रतिज्ञापत्रासह. नाही आणलात तर तक्रार इथंच संपेल."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर बाईंनी विचारलं, "वैजू, हरलो का गं?"

"नाही बाई. एक इंजिनिअर शोधायचा आहे."

"मग तोंड कशाला पाडतीस? सांगली जिल्ह्यात इंजिनिअर काय कमी आहेत?"

कमी नव्हते, हे खरं.

शकुंतला आवटी शिरसवाडीच्या कन्याशाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवत होत्या. गावातल्या निम्म्या बायकांना पोहता येतं ते त्यांच्यामुळं. मीसुद्धा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून कृष्णेच्या डोहात त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढं नदीत मगरी वाढल्या. एके दिवशी समोरच्या काठावरचा ओंडका उठून पाण्यात गेला, तेव्हा बाईंनी शिट्टी वाजवली, सगळ्या मुलींना रांगेनं बाहेर काढलं, हजेरी घेतली आणि त्या दिवसापासून नदी बंद केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी महिला जलतरण मंडळ काढलं. तलावासाठी नऊ वर्षं त्या दारोदार फिरल्या. एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांनी मळ्यातली, विहिरीला लागून असलेली जागा दिली. नकाशा आणि देखरेख 'स्थैर्य कन्सल्टंट्स' या कंपनीची. तिचे मालक अविनाश बोंद्रे, चाळिशीतले, कमी बोलणारे इंजिनिअर.

पाडव्याला तलाव भरला. पहिल्या उन्हाळ्यात बासष्ट मुली शिकल्या. आणि गणपतीनंतर, जिथं तळ आणि भिंत एकमेकांना मिळतात तिथं, लांबच्या लांब तडा दिसला. तेव्हापासून तलाव पाणी धरेना. संध्याकाळी भरावा आणि चार दिवसांत पायरीखाली जावा. बोंद्रेंच्या कंपनीचं म्हणणं, नकाशात दोष नाही, ठेकेदारानं काम नीट केलं नसेल. ठेकेदाराचं म्हणणं, नकाशात होतं तसं केलं. बाईंचं म्हणणं, मला तलाव हवा आहे.

पुढचे तीन आठवडे मी स्कूटरवरून इंजिनिअर गोळा करत फिरले. पहिल्यानं चहा दिला, भजी दिली, आणि बोंद्रे आपल्या साडूचे वर्गमित्र असल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं फोटो बघून, "काम चुकलंय खरं," असं म्हटलं आणि हे आपण म्हटलेलं नाही, असंही लगेच म्हटलं. तिसरे कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांना प्राचार्यांची परवानगी लागणार होती, प्राचार्यांना संस्थेची, आणि संस्थेच्या इमारतीचे नकाशे 'स्थैर्य'नं केलेले होते. चौथ्यांनी मला सरळ सांगितलं, "ताई, आम्ही इथंच राहतो. आज मी त्याच्याविरुद्ध सही केली तर उद्या माझ्या स्लॅबला तडा गेल्यावर तो करेल. आणि तडे सगळ्यांच्याच स्लॅबला जातात."

पाचवे भेटले त्यांचं बोंद्रेंशी कशावरून तरी वाकडं होतं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. टेबलाचा खण उघडला, स्वतःच्या नावाचे चार कोरे कागद काढले, प्रत्येकाच्या तळाशी सही केली, शिक्का मारला आणि माझ्यापुढं सरकवले.

"तुम्हाला पाहिजे ते टाइप करून घ्या," ते म्हणाले. "प्रतिज्ञापत्राला बोलवा, येतो."

"पण तलाव बघायला कधी येताय?"

"बघायचं काय त्यात? बोंद्रेचं काम आहे ना?"

मी कागद घेतले. माझे सीनियर इनामदार साहेब ते पाहून खूश झाले. "झालं की काम," म्हणाले. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण घरी जाऊन टाइप करायला बसले, तर पहिल्याच वाक्याला अडले. 'मी अमुक तारखेला सदर तलावाची समक्ष पाहणी केली,' असं लिहायचं होतं. तारीख कुठली घालावी, ते सुचेना. कागद फाइलमध्ये ठेवून दिले.

त्याच आठवड्यात आमच्या दूधवाल्यानं मिरजेच्या नेमिनाथ चौगुल्यांचं नाव सांगितलं. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त, धरणांच्या गळतीवर आयुष्य गेलेलं. "पण माणूस तिरसट आहे," दूधवाला म्हणाला. "माझ्या दुधाचंसुद्धा माप घेतो."

मी गेले तेव्हा ते अंगणात आंब्याच्या आळ्यात पाणी सोडत होते. संध्याकाळचे पाच वाजले होते. "सूर्य मावळायच्या आत आमचं जेवण असतं," ते म्हणाले. "अर्धा तास आहे. बोला."

मी सगळं सांगितलं. फोटो दाखवायला लागले, तर त्यांनी हातानं नको म्हटलं.

"रोज किती उतरतं?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे किती बोटं?"

मला माहीत नव्हतं.

"पावसाळ्यात उतरत होतं की नाही? विहीर किती फुटांवर आहे? विहिरीला पाणी कुठवर असतं?"

तेही माहीत नव्हतं. त्यांनी नळ बंद केला. "मोजलेलं काहीच नाही आणि कोर्टात गेलात," ते म्हणाले, पण रागानं नाही. "रविवारी येतो. एक लक्षात ठेवा. अहवाल तुमच्या बाजूनं होईल, असं मी म्हणत नाही. फी अहवाल दिल्यावर. चहाला साखर कमी."

रविवारी ते एसटीनं आले. हातात प्लॅस्टिकची निळी बादली, खांद्याला शबनम. बाई शिट्टी गळ्यात अडकवून फाटकाशी उभ्या होत्या.

"बादली कशाला?" बाईंनी विचारलं. "तलाव उपसणार की काय?"

"तुम्ही पोहायला शिकवता ना? मी बादली ठेवायला शिकवतो," चौगुले म्हणाले.

मला वाटलं, आता वाजणार. पण बाईंना बोलायला माणूस मिळाला की बरं वाटतं, हे मी विसरले होते.

चौगुल्यांनी बादलीत तलावाचंच पाणी भरलं, ती तलावाच्या दुसऱ्या पायरीवर वीट घालून ठेवली, आणि बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेघेवर खडूनं खूण केली. "ऊन दोन्हीकडं सारखंच," ते मला समजावत होते. "उन्हानं जेवढं पाणी उडतं तेवढं बादलीतलंही उडेल. बाहेरचं त्याहून जास्त उतरलं, तर ते जमिनीत गेलं."

"आणि तेवढंच उतरलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी चहा पिऊन परत जाईन आणि तुम्ही घाटगे वकिलांची माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं, तलावातलं साडेतीन. बाईंनी स्वतः बोटानं मोजलं. आपणच परीक्षेत पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग चौगुल्यांनी लाल औषधाचं पाणी पिचकारीत भरलं, पायरीवर पालथे पडले आणि तड्याजवळ पाण्याखाली एक थेंब सोडला. मी आणि बाई दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बघत होतो. लाल थेंब क्षणभर तसाच राहिला, मग त्याचा दोरा झाला, आणि तो दोरा सरळ तड्यात शिरून दिसेनासा झाला. सत्तरीतला तो माणूस ओल्या सदऱ्यानं उठला तेव्हा डोळे असे चमकत होते, की त्यानंच तडा पाडलाय असं वाटावं.

ते विहिरीवरही गेले. माघात पाणी खोल होतं, पण आतल्या दगडांवर पावसाळी पाण्याची शेवाळी रेघ वरपर्यंत होती. ती त्यांनी दोरीनं मोजली. तलावाचा तळ किती खोल, तेही मोजलं. मग बसून चहा घेताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, हा तलाव पूर्ण रिकामा कधी केला होता का?"

"केला की," बाई म्हणाल्या. "गणपतीच्या सुट्टीत. शेवाळ धरलं होतं. बासष्ट मुली आणि बासष्ट ब्रश. दोन दिवसांत आरशासारखा केला."

"तेव्हा विहीर?"

"काठोकाठ. वाकून हातानं पाणी घ्यावं अशी. नदीला पूर होता ना."

चौगुल्यांनी कप खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. सुवाच्य अक्षर, खाली आकृत्या, अकरा मुद्दे. आठव्यापर्यंत वाचताना मला खुर्चीत बसवेना, इतका आनंद झाला. जमिनीखालच्या पाण्याची तपासणीच केलेली नाही. तळाखालून पाण्याचा दाब आला तर तो आत सोडून देणारी झडप नकाशात नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत, विहिरीशेजारी तलाव बांधताना कुठल्याही जाणत्या इंजिनिअरनं या दोन गोष्टी केल्या असत्या. नववा आणि दहावा मोजमापांचे. अकरावा असा होता:

'तथापि तडा जाण्याचं तात्कालिक कारण हे, की ऐन भाद्रपदात, विहीर भरलेली असताना, तक्रारदारांनी तलाव पूर्ण रिकामा केला. आतल्या पाण्याचं वजन निघून गेल्यावर खालच्या पाण्यानं तळ उचलला. तलाव भरलेला राहता, तर त्या वर्षी तडा गेला नसता.'

मी ते चारदा वाचलं आणि तशीच स्कूटर काढून मिरजेला गेले.

चौगुले जेवायला बसायच्या बेतात होते. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बोलावलं. पाण्याच्या पातेल्यात रिकामी वाटी ठेवली आणि तिच्यावर बोट दाबलं. "आता ही भरलेली समजा." बोट काढलं. वाटी टुणकन वर आली. "आणि ही रिकामी. तलाव म्हणजे मोठी वाटी."

"ते कळलं, साहेब," मी म्हणाले. "पण हे ठेवायलाच पाहिजे का? दहा मुद्दे पुरेसे आहेत. अकरावा त्यांच्या वकिलाला शोधू द्या. त्यांचा तज्ज्ञ आणतील."

"नाही आणणार. त्यांना कळलेलंच नाही."

"मग तर..."

"मगदूम," त्यांनी मला आडनावानं हाक मारली, खात्यात हाताखालच्या माणसाला मारत असतील तशी. "तुम्ही आवटी बाईंच्या वकील आहात. मी त्यांचा इंजिनिअर नाही. मी त्या तलावाचा इंजिनिअर आहे. तलावाला काय झालं ते मी लिहिलं. त्यातलं निम्मं नको असेल तर सगळंच परत द्या. फी देऊ नका."

त्यांच्या पत्नीनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मी जेवले. त्या घरात त्या वेळी न जेवता निघणं शक्यच नव्हतं.

परत येताना मनात एकच हिशोब होता. तारीख गुरुवारी होती. फाइलमध्ये सही-शिक्क्याचे चार कोरे कागद होते. चौगुल्यांचे पहिले दहा मुद्दे मला आता तोंडपाठ होते. इनामदार साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "विचार कसला करतेस? तज्ज्ञाचं प्रमाणपत्र हवं होतं, ते आहे. बादलीवाल्याला नमस्कार कर आणि मोकळी हो." ते वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं वकिली करत होते, एवढंच.

बुधवारी दुपारी मी शिरसवाडीला गेले. तलावात पाणी नव्हतं म्हणून बाईंनी मंडळाच्या पडवीत बाकांवर मुलींना पालथं झोपवलं होतं आणि शिट्टीच्या तालावर हात-पाय मारायला लावलं होतं. पंधरा-वीस मुली कोरड्या बाकांवर जीव तोडून पोहत होत्या. एक जण बाकावरून पडली आणि स्वतःच हसत सुटली.

मी बाईंना बाजूला घेतलं आणि वाटी-पातेल्याची गोष्ट सांगितली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

"म्हणजे मी फोडला," त्या म्हणाल्या.

"तसं नाही बाई. झडप असती तर..."

"ब्रश मी दिले वैजू. तारीख मी ठरवली." त्या पडवीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना मी असं पाठ वाकवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मुली किती खूश होत्या. एकीनं तर रांगोळीसुद्धा काढली होती तळात."

मग मी कोऱ्या कागदांचंही सांगितलं. लपवलं नाही. अकरावा मुद्दा गेला तर बहुतेक आपण जिंकू, हेही सांगितलं. आणि राहिला तर घाटगे वकील काय करतील, तेही.

बाईंनी मुलींकडं पाहिलं. शिट्टी थांबल्यामुळं त्यांचा ताल चुकायला लागला होता.

"वैजू, उद्या तुला घर बांधायचं झालं," त्या म्हणाल्या, "तर स्लॅब बघायला कुणाला बोलावशील? कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला, की त्या बादलीवाल्याला?"

"चौगुल्यांना."

"मग माझ्या तलावाला दुसरा कशाला? जे झालं ते झालं म्हणायचं. मी काय मगर आहे, ओंडका म्हणून पडून राहायला?"

त्या उठल्या आणि शिट्टी वाजवली. "पाय सरळ. गुडघ्यात कोण वाकतंय?"

चारही कागद मी पडवीतल्या बंबात घातले. गुरुवारी अकरा मुद्द्यांचा अहवाल दाखल केला. त्याची प्रत घाटगे वकिलांना दिली, तेव्हा त्यांनी सवयीनं शेवटचं पान आधी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं.

पंधरा दिवसांनी पुढची तारीख. चौगुले पहिल्या बाकावर, शबनम मांडीवर. पलीकडं बोंद्रे. बाईंना दोन प्रश्न विचारायची परवानगी घाटगे वकिलांनी मागितली आणि अध्यक्षांनी दिली.

"आवटी बाई, भाद्रपदात हा तलाव रिकामा कुणी केला?"

"मी केला."

"कुणी बळजबरी केली नव्हती?"

"नाही. तारीख मी ठरवली. मुलींना सुट्टी होती."

घाटगे वकील वळून बसणार होते. बसले असते तर बरं झालं असतं त्यांचं. पण प्रकरण इतकं हातात आलं होतं, की त्यांना शेवटचा घाव घालायचा मोह आवरला नाही. "आणि एवढा मोठा तलाव रिकामा करताना, तुम्ही, एक पी.टी. शिक्षिका, कुणा इंजिनिअरला विचारावं असं तुम्हाला वाटलं नाही?"

"विचारायचं काय?" बाई म्हणाल्या. "पाटीवर लिहिलं होतं की."

"कसली पाटी?"

"पाण्यात टाकायचं औषध ठेवतो त्या खोलीत, दारामागं लावलीय. वापराच्या सूचना. पाच नंबरची सूचना, दर सहा महिन्यांनी तलाव पूर्ण रिकामा करून तळ घासावा. पाडव्यापासून सहा महिने मोजले. तीन आठवडे अलीकडं केलं ते सुट्टीसाठी. तेवढी माझी चूक."

औषधाच्या त्या खोलीत मी शंभर वेळा गेले होते. तिचं दार कायम भिंतीला टेकवून उघडं असायचं. दारामागं काय आहे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. आणि सूचना पाळण्यात सांगण्यासारखं काही असतं, असं बाईंना कधी वाटलंच नव्हतं.

अध्यक्षांनी लिहिणं थांबवलं. "ही पाटी कुणी दिली?"

"हे काय, बसलेत," बाई म्हणाल्या.

बोंद्रे उभे राहिले. घाटगे वकिलांनी त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली.

"मॅडम, मी दिली," ते म्हणाले. "डोंगरावरच्या एका हॉटेलच्या तलावासाठी त्या सूचना मी लिहिल्या होत्या. तिथं खाली कातळ आहे. खालून पाणी यायचा प्रश्न नव्हता. इथं वरचं नाव बदलून तीच पाटी दिली. विहीर मी पाहिली होती. पाटीही मीच लिहिली होती. दोन्ही एकत्र मनात आणलं नाही. हा अहवाल वाचेपर्यंत तडा का गेला, ते मलाही कळलं नव्हतं. चौगुले साहेबांचं बरोबर आहे. अकराच्या अकरा."

घाटगे वकिलांनी फाइल बंद केली.

व्हरांड्यात मी चौगुल्यांना गाठलं. मला हसू आवरत नव्हतं. ते मात्र कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"साहेब, आपण जिंकलो."

"मी दारामागं पाहिलं नाही," ते म्हणाले. "दोन दिवस तिथं होतो आणि दारामागं पाहिलं नाही. पुरवणी अहवाल द्यावा लागेल."

तो त्यांनी खरंच दिला. त्यात एकच मुद्दा होता, क्रमांक बारा. पहिल्या पाहणीत अहवाल देणाऱ्याकडून सूचनांची पाटी पाहायची राहून गेली, ही त्याची चूक आहे, आणि ती पाटी ताबडतोब काढावी. निकालपत्रात अध्यक्षांनी तो मुद्दा जसाच्या तसा उतरवला. ज्याला स्वतःची आणि आपल्याला बोलावणाऱ्याची चूक लिहिता येते, त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवायला आम्हाला अडचण वाटत नाही, असं खाली लिहिलं. तलाव कंपनीनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा, झडपेसह. बाईंकडं दोष नाही.

बोंद्रेंनी माणसं पाठवली नाहीत. ते स्वतः आले. वैशाखाच्या उन्हात डोक्याला पंचा बांधून तलावाच्या तळात उभं राहून त्यांनी ते काम करून घेतलं. चौगुले आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचे, खडूनं खुणा करायचे, आणि दोघं तासन्‌तास तळात उकिडवे बसून भांडायचे. वर कट्ट्यावरून बाई विचारायच्या, "झालं का तुमचं दोघांचं? माझ्या मुली बाकांवर पोहून पोहून झिजल्या." चौगुल्यांच्या घरी मी नंतर वर्षानुवर्षं जात राहिले, प्रकरण असो नसो, पण साडेपाचच्या आत.

पुढच्या पाडव्याला तलाव पुन्हा भरला. नावं नोंदवायला आयांची रांग लागली होती. मी टेबलाशी बसून अर्ज घेत होते. रांगेत मध्येच एक पुरुष दिसला. बोंद्रे होते, आणि त्यांचं बोट धरून सात-आठ वर्षांची मुलगी.

टेबलापाशी आल्यावर बाईंनी अर्ज माझ्या हातातून घेतला. "केतकी अविनाश बोंद्रे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "पोहता येतं?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"बाबांना येतं?"

बोंद्रे ओशाळले. "नाही, बाई."

"पोहता येत नाही आणि तलाव बांधता?" बाईंनी सहीची जागा दाखवली. "करा इथं. वाचून करा."

त्यांनी खरंच पहिल्या ओळीपासून वाचून सही केली. बाई केतकीला घेऊन उथळ बाजूला पाण्यात उतरल्या, तिला पालथी झोपवली आणि पोटाखाली हात धरला. केतकीनं डोळे घट्ट मिटले होते. बोंद्रे अगदी कडेला आले. त्यांच्या चपला ओल्या झाल्या, तरी त्यांना कळलं नाही.

"हात सोडणार नाहीत ना त्या?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"बघत राहा," मी म्हणाले.

मीही बघत होते. बाई काहीतरी बोलत होत्या, शाळेचं नाव, बाई कोण, आज डब्यात काय आणलंस. केतकी उत्तरं देत होती, पाय मारत होती. हात पोटाखालून कधी निघाला, ते मला दिसलं नाही, बोंद्रेंनाही नाही. बाई दोन हात मागं राहिल्या होत्या, आणि मुलगी अजून बोलतच पुढं चालली होती.